उलटा भोवरा

मुलुंडला थंडी पडते, असं मुलुंडची माणसं सांगतात. घाटकोपरची माणसं हसतात.

डाव्या हाताने प्रसाद घेऊ नये. डाव्या हाताने कुंकू लावू नये. डाव्या हाताने विणलं तर चालतं की नाही, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

गिरणीतल्या दादूचा लवू बोरिवलीला रिक्षा चालवतो. त्याला दोन मुलं आहेत, आणि पान खाऊन खाऊन दातांची वाट लागली आहे.

घाटकोपरच्या जुन्या खोलीवरून माहुलच्या तेल कारखान्याची ज्वाला दिसायची. सासूबाई म्हणायच्या, एवढी मोठी चूल, आणि जेवतं कोण?

"टोपडं सोडून काहीही सांग गं राधा. मोजे सांग, स्वेटर सांग, पाळण्यावर टांगायला चिमण्या सांग," वनमाला सुनेला म्हणायची.

सुलट, सुलट, उलट. सुई फिरव.

शेजारच्या जानकीकाकी आल्या तेव्हा वनमाला मुलुंडच्या घराच्या गॅलरीत स्टुलावर बसून उजवा मोजा संपवत होती. बाळाच्या मोज्याला उजवा-डावा नसतो हे तिलाही माहीत होतं. पण मनात तसं धरलं की दोन्हींकडे सारखं लक्ष राहतं, असा तिचा आपला हिशेब. अठ्ठ्याऐंशी सालचा जानेवारी चालू होता. नात झाली होती. आज राधा दवाखान्यातून घरी यायची होती आणि मुलगा जयवंत तिला आणायला गेला होता. राधाची आई कणकवलीला अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. आतल्या खोलीत तिचा नवरा सीताराम खाटेवर बसून पेपर वाचत होता. गिरणी बंद पडल्यापासून तो भांडुपच्या एका गोदामावर रखवालीला जायचा आणि दिवसा असा घरात असूनही नसल्यासारखा बसायचा. दोरीवर धुतलेली दुपटी वाळत होती. ती दुपटी जुन्या धोतराची होती. स्वेटर, मोजे, चिमण्या, सगळं नवं विणलेलं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलं होतं, बारशापर्यंत बाहेर काढायचं नाही म्हणून. राधा ट्रंक उघडून रोज बघायची आणि म्हणायची, आई, सगळं आहे, टोपडं तेवढं नाही. वनमाला म्हणायची, ते मला जमत नाही.

"वनमाला, आसस गो घरात?"

"या काकी. चहा ठेवू?"

"चाय मरो. ह्या बघ काय हाडलंय."

काकींनी प्लास्टिकच्या पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. काकींना मुंबईत येऊन चाळीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या बोलण्यातली मालवणची खाडी काही आटली नव्हती. "बारसा होयसर नवा कापड पोराच्या आंगाक लावूचा नाय, म्हायत आसा मा तुका? जित्या-जागत्या पोराचा जुना घालूचा. तुझ्याकडे जयवंताचा काय आसा?"

"काही ठेवलं नाही हो."

"मगे? म्हणान मिया हाडलंय. माझ्या भांडुपच्या भयणीकडना. ह्या टोपड्यातला एकव पोर वायट जावक नाय. लोक लांबसून मागूक येतत. बारशापर्यंत घालतत, धुवन परत देतत. राधाचा गेल्या वर्षी तसा झाला. आता रिक्स कित्याक घेवची?"

राधाचं गेल्या वर्षी 'तसं' झालं होतं. घरात त्याला तसंच म्हणत. पाचव्या महिन्यात तसं झालं, तसं झाल्यावर राधा आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडली, आणि मग उठून ऑफिसला जायला लागली. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे सगळे नीट वागले.

काकींनी रुमाल उलगडला. टोपडं पिवळं होतं, म्हणजे कधी काळी असणार. धुऊन धुऊन आता ते ताकासारखं झालं होतं. एका कडेला कुणीतरी हिरव्या लोकरीने रफू केलं होतं. बांधायचे बंद निळ्या साटिनचे होते, मागून शिवलेले. वनमालाला वाटलं, बरं आहे, स्वच्छ आहे. मग काकींनी ते पालथं करून मागची बाजू वर केली, आणि वनमालाच्या हातातली सुई मोज्यातून निसटली. टाके उघडे पडले, एकेक, तोंड उघडून बसल्यासारखे. टोपड्याच्या मागे, जिथे दोन टाक्यांचा एक करत करत शेवटी उरलेले टाके एका धाग्यात ओवून आवळून घेतात, तिथे भोवरा होता. पोरांच्या डोक्यावर केसांचा असतो तसा, लोकरीचा. हजार बायका हजार टोपडी विणतात, सगळ्यांचे भोवरे एकाच अंगाला वळतात. हा उलटा वळला होता.

उलटा भोवरा मुंबईत एकच बाई विणते. विणत होती.

घाटकोपरला महिला मंडळाचा वर्ग भरायचा, दुपारचा, रिकाम्या बालवाडीत, जिथे भिंतीवर ससा आणि गाजर रंगवलेलं होतं. माणिकताई शिकवायच्या. वनमाला नवी लग्न होऊन आलेली, डावखुरी, आणि डावखुरेपण पदराखाली लपवायची सवय झालेली. माणिकताईंनी तिच्या सुया आधी उजव्या हातात दिल्या; टाके ओघळले. मग रागावून पाहिलं. टाके आणखी ओघळले. शेवटी त्या हसल्या. "अगं, तुझा हात म्हणजे ना, गाढवासारखा हट्टी आहे. थांब." त्यांनी खिळ्यावरचा आरसा काढून पुढ्यात बाकावर उभा केला, वनमालाला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "माझ्या हाताकडे बघायचं नाही. आरशातल्या बाईच्या हाताकडे बघायचं. ती करते तस्सं कर." आरशातली बाई डावखुरी होती. तिच्या साडीचा पदर उलट्या खांद्यावर होता, तिच्यामागच्या सशाचं तोंड उलटीकडे होतं, आणि ती इतक्या सहज विणत होती की वनमालाला रडू आलं. म्हणजे विणकाम तिला शिकवलं ते माणिकताईंनी नव्हे, त्या बाईने. ती बाई बोलायची नाही. वर्ग सुटला की आरसा पुन्हा खिळ्यावर जायचा आणि त्यात कुणीच नसायचं. पुढे कित्येक वर्षं, केस विंचरताना, वनमालाला वाटायचं की त्या बाईला काहीतरी विचारायचं राहून गेलं आहे.

त्या बाईकडून शिकलेली पहिली पुरी वस्तू हे टोपडं. एकसष्ट साल. पोट दिसायला लागलेलं. लिंबासारखी पिवळी लोकर. मुलगा होवो, मुलगी होवो, पिवळं चालतं. सासूबाईंनी पाहिलं आणि त्यांच्या हातातलं सूप थांबलं. पोटातल्या जिवाला आधीच कपडे करतेस? आणि नवे? वनमाला शिकलेली होती, सातवीपर्यंत, ती हसली. मुलगी झाली. मुलीला तिने पहिल्या दिवसापासून तेच घातलं. बंद हनुवटीखाली बांधले की मुलगी ओठांचा चंबू करायची, जणू कुणी तिला अवघड प्रश्न घातला आहे. मुलीच्या डोक्यावरही भोवरा होता, सरळ वळणारा. टोपडं घातलं की एका भोवऱ्यावर दुसरा, उलटा, बसायचा. वनमाला बोटाने दोन्ही गिरवायची. असं, आणि असं. पाणी मोरीत जाताना करतं तसं. हे आठवलं की तिला अजून वाटायचं की आपणच तिला फिरकीसारखं उलगडलं. घट्ट बसवलेलं काहीतरी उलटं फिरवून सैल केलं. बारशाच्या आधीच ती गेली. ताप नाही, काही नाही. पहाटे अंगाशी घ्यायला गेली तर गार. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "सांगितलं होतं." वाईट मनाच्या नव्हत्या त्या. पण ते दोन शब्द वनमालाच्या आत जाऊन बसले आणि त्यांनी तिथे संसार थाटला.

दुसरा एक शब्द होता, तो सीतारामचा. लहान जीव जाळत नाहीत, पुरतात. तो तिला घेऊन खाडीच्या बाजूला गेला, बरोबर शेजारची दोन माणसं. वनमालाला उठू दिलं नाही. तो परत आल्यावर तिने खाटेवरून विचारलं, "टोपडं?" तो म्हणाला, "घातलं."

तेवढंच. सुलट, सुलट, उलट. घातलं. एका बाजूने ती त्या टोपड्याला आरोपी धरून बसली होती आणि दुसऱ्या बाजूने त्याच्यावरच तिची सगळी भिस्त होती, कारण खाडीकडची माती ओली, चिकट. आणि ओल्या मातीत उघडे कान म्हणजे काय, हे डोळे मिटले की तिला दिसायचं. पण कान उघडे नव्हते. बंद बांधलेले होते. मग झोप यायची. जयवंत झाला तेव्हा तिने त्याला सहा महिने लोकांचेच उतरलेले कपडे घातले. बायका म्हणायच्या, काय गं ही अवदसा, पोराला जरा नवं घाल की. सोसायटीत पोर झालं की मोजे तिचे, सांताक्रूझच्या नणंदेला स्वेटर तिचा. टोपडं कुणालाही नाही. डोक्यापर्यंत तिचा हात जात नसे. गळ्याशी थांबायचा.

आणि आता काकी बोटांवर मोजत सांगत होत्या. "पयलो तो दादूचो लवू. तुझ्या घोवाच्या गिरणीतलो दादू, कुर्ल्याचो, तो. मगे दादूच्या मेव्हणीची दोन. मगे माझ्या भयणीची नातवंडा. मगे ती शेजारची, अशक्त होती बघ, कापसात गुंडाळून ठेवल्ली, तीव जगली. आता शाळेत जाता, मास्तराक उलट बोलता."

दादू. दादूला मुलगा कधी झाला? त्याच वर्षी. पावसाळ्याच्या आत. गिरणीत पेढे वाटले होते, सीतारामने आपल्या वाट्याचा घरी आणला नव्हता.

"काकी, जरा बसा," असं म्हणून वनमालाने टोपडं उचललं. हाताला ते काहीच लागलं नाही, इतकं हलकं. ती आत गेली.

"अहो."

सीतारामने पेपर खाली केला. टोपड्याकडे पाहिलं. चष्मा काढला. 'हे काय' असं त्याने विचारलं असतं तर वनमालाने अजूनही काहीतरी धरून ठेवलं असतं. एक माणूस दुसऱ्यासारखा दिसतो, तसं टोपड्याचंही असेल. तो म्हणाला, "कुठे मिळालं?"

"काकींनी आणलं. दादूच्या लवूपासून फिरतंय म्हणे."

"हं."

"तुम्ही घातलं म्हणालात."

"म्हणालो."

बाहेर काकी दोरीवरचं दुपटं चाचपत पुटपुटत होत्या की अजून दमट आहे.

"माझ्या डब्याच्या पिशवीत होतं ते," सीताराम म्हणाला. "रोज न्यायचो, रोज आणायचो. दादू तेव्हा सगळ्यांकडे जुनं मागत होता. दिलं."

"त्याला सांगितलंत कुणाचं ते?"

"वापरलेलं आहे म्हणालो. खोटं होतं का ते?"

"मेलेल्या पोरीचं कापड तुम्ही जिवंत पोराला दिलंत."

"मला मातीत टाकवेना गं." त्याचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "तुझ्या हातचं होतं. त्या आरशासमोर बसून बसून तू शिकलेलीस. ती तर गेलीच. वर हे पण?"

"आणि तिच्या डोक्याला काय?"

सीतारामने चष्मा पुन्हा घातला, दोन्ही काड्या कानांवर नीट बसवल्या. "रिक्षा आली वाटतं," तो म्हणाला. रिक्षा आली नव्हती.

ती मोरीच्या दाराशी उभी राहिली. केस विंचरायचा आरसा तिथेच होता, पण तिने वर पाहिलं नाही. सत्तावीस वर्षं कान झाकलेले होते. आता एकदम उघडे पडले, मागे जाऊन, पहिल्या दिवसापासून. सगळ्या झोपा, त्या शब्दाच्या उशीवर घेतलेल्या, खोट्या ठरल्या. आणि तरी दुसरीकडून काहीतरी सरकत होतं, जड कपाट हलवल्यासारखं. एवढी पोरं. कापसात गुंडाळलेलीसुद्धा. सगळी ह्या उलट्या भोवऱ्याखाली झोपली, रडली, ओठांचा चंबू केला असेल, आणि मोठी झाली. म्हणजे टोपड्याने नाही. तिला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं ते निराळंच: सत्तावीस वर्षं ज्या टोपड्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्याने काही केलंच नव्हतं, आणि आता पिंजरा रिकामा होता, आणि कुणालाच त्यात उभं करता येत नव्हतं. टोपड्याने नाही, आपल्या हाताने नाही, नव्या कापडाने नाही. मग कशाने? कशानेच नाही. गेली, एवढंच. हे फार भयंकर होतं. तिने हिरव्या रफूवर बोट फिरवलं. कुणा बाईने, पोर मांडीवर घेऊन, हा टाका घातला असेल. निळे बंद दुसऱ्या कुणी. आपल्या मुलीच्या टोपड्याची काळजी एवढ्या बायांनी घेतली आणि आपण एकटीच त्याला शिव्या देत बसलो. पण त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर काठीने उचलून गटारात टाकलं असतं. माहीत नसणं म्हणजेच आशीर्वाद का? आणि आपल्याला तर माहीत आहे. आपल्या हाताने हे राधाच्या मुलीला बांधायचं म्हणजे माहीत असून बांधायचं. न बांधावं तर काकी विचारणार, का. सांगावं तर राधा. राधा पुन्हा भिंतीकडे तोंड करील.

"वनमाला, चाय ठेवतंस मा गो? मघाशी मरो म्हटलंय, ता उगाच म्हटलंय."

चहाला आधण आलं तेव्हा रिक्षा खरंच आली. खाली जयवंतचा आवाज: "अरे हळू यार, खड्ड्यातून काय नेतोस, आत माझी मुलगी आहे!" 'माझी मुलगी' हे तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जावं म्हणून. राधा जिना चढून आली, एका हाताने कठडा धरून. काकींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. बाळ वनमालाच्या हातात आलं. गरम होतं. ते इतकं गरम असेल हे ती विसरली होती.

राधा खाटेवर टेकली. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले, पण नजर चहूकडे. "आई, हिचं डोकं बघा ना. मधे हलतंय. असं सगळ्यांचं हलतं?"

"टाळू आहे ती. सगळ्यांची हलते."

"घाल गो ता टोपडा," काकी म्हणाल्या. "वारो आसा."

राधाने टोपडं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. काकींनी पुन्हा यादी सुरू केली: लवू, मेव्हणीची दोन, कापसातली. राधा ऐकत होती पण बघत होती सासूकडे. काकींच्या गोष्टीत चारांचे चौदा होतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "आई, खरं सांगा. सगळी जगली ना? पहिल्यांदा कुणाचं होतं हे?"

"दादूच्या लवूचा म्हटलंय मा—"

"काकी, मी आईंना विचारतेय."

आतल्या दारात सीताराम येऊन उभा राहिला होता. त्याने चौकटीला हात लावला.

एक वाक्य पुरलं असतं. लवूचं. अगदी खोटंही नव्हतं. सीतारामचं होतं तेवढंच खरं. वनमालाच्या तोंडात ते आलंही, आणि त्याची चव तिला ओळखीची वाटली. ती 'घातलं'ची चव होती.

"मी विणलंय ते," ती म्हणाली.

"काय सांगतंस!" काकी उठल्याच. "मगे मघाशी बोलूक नाय?"

"म्हणजे ह्यांचं?" राधाने विचारलं. "जयवंतचं?"

"नाही. त्याच्या आधी एक मुलगी होती. ती ह्याच्यात गेली. बाकीची सगळी जगली, काकी म्हणतात ते खरं आहे. पण पहिली गेली. तुला नको असेल तर मी आत ठेवते. काही वाटायचं नाही मला."

काकींनी तोंडाला पदर लावला. बाळाने झोपेतच तोंड वेडंवाकडं केलं. राधा टोपड्याकडे बघत राहिली. वनमालाला वाटलं, आता ती ते खाली ठेवील, बोटांनी, दूर, जसं काही चिकटेल. वाटलं, आता भिंत. राधाने निळे बंद सरळ केले. एक. दुसरा.

"गेल्या वर्षी माझ्याशी कुणी बोललंच नाही," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, बंदांना. "तुम्ही पण नाही बोललात, आई. तुम्हाला तर माहीत होतं."

"हो."

"नाव काय होतं तिचं?"

"बारसं झालं नव्हतं."

राधाने मान हलवली. मग टोपडं पुढे केलं. "बांधा तुम्ही. मला गाठ नीट येणार नाही."

वनमालाने बाळाला मांडीवर घेतलं. बोटं काम विसरली नव्हती. डावा हात पुढे, उजवा मागे. टोपडं थोडं सैल झालं. हिचं डोकं लहान होतं. तिने बंद हनुवटीखाली आणले, फार घट्ट नको, दोन बोटं जातील इतकी जागा, आणि गाठ मारली. बाळाने डोळे उघडले, कुठेच पाहिलं नाही, पुन्हा मिटले. श्वास चालू होता. वनमाला तो बघत राहिली. आता ती बारशापर्यंत, आणि बारशानंतरही, तो बघणार होती. दारातला सीताराम आत वळला. चहा उतू जाऊन स्टोव्ह विझल्याचा वास आला.

एकसष्ट साली, खाडीकडे, सीतारामने अंगातला सदरा काढून मुलीला त्यात गुंडाळलं, दोन्ही बाह्या तिच्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली, आणि तो बनियनवर घरी आला.